झोपाळ्यावरचा घोस

कंपिल्ल नगरीवर वीरकेतू राजाचे राज्य होते, तेव्हा एका जन्मी बोधिसत्त्व राजाच्या उद्यानात माळी होते. लोक त्यांना सोमिल म्हणत.

एके सकाळी त्यांची बायको पुण्णिका फुले तोडायला गेली आणि जागीच थिजली. राजकन्येच्या झोपाळ्यावरच्या फांदीला मधमाश्यांचा घोस लटकला होता, भोपळ्याएवढा, सतत हलणारा. दोन महिन्यांच्या तापातून उठलेली राजकन्या त्याच दिवशी बागेत येणार होती.

उद्यानाधिकारी दंतिल मशाल घेऊन धावत आला. गेल्या वर्षी माश्या चावून त्याचा भाऊ गेला होता. "जाळून टाका!" तो ओरडला.

"स्वामी, या घर शोधत निघाल्या आहेत," बोधिसत्त्व म्हणाले. "पोळे नाही, पिल्ले नाहीत. राखायला काही नाही म्हणून शांत आहेत. आग लावली तर चवताळून बागभर उधळतील. मला थोडा वेळ द्या."

"एक जरी माशी राजकन्येला डसली, तर तुझे मुंडके उडेल."

"कबूल."

पुण्णिकेने त्यांचा हात धरला. "अहो, आपल्या मुलींचं काय होईल?"

"आणि या उधळल्या, तर राजाच्या मुलीचं?"

पुण्णिकेने टोपली आणली. वासाने माश्या आत याव्यात म्हणून बोधिसत्त्वांनी तिला आतून जुने मेण चोळले. पुण्णिकेने ती घोसावर उपडी धरली आणि ते पालवीच्या डहाळीने माश्यांना खालून हलकेच वर सारू लागले. एकेक माशी चढत होती. पुण्णिकेचे हात बधिर झाले. एक माशी तिच्या पापणीवरून चालत गेली.

निम्मा घोस चढला असेल, तोच राजकन्येच्या पालखीचे घुंगरू वाजले; पुढे स्वतः राजा चालत होता.

"महाराज, तिथेच थांबा!" पुण्णिका मान न वळवता म्हणाली. "एक पाऊलही पुढे नको."

दंतिलचा चेहरा पांढराफटक पडला. राजाला असे कोणी अडवले नव्हते. तरी राजाने हात वर केला आणि पालखी थांबली. कुणी हलेना. शेवटी माश्यांची राणी आत शिरली आणि तिच्यामागे उरलेल्या साऱ्या भराभर चढल्या. बोधिसत्त्वांनी टोपली कुंपणापलीकडच्या पोकळ झाडाशी नेऊन ठेवली.

ते परतल्यावर राजाने विचारले, "मी थांबलो नसतो तर?"

"तर आम्ही दोघे मध्ये उभे राहिलो असतो."

राजाने पाहिले, पुण्णिकेच्या मनगटात माश्यांचे दोन काटे रुतले होते. टोपली मात्र हलली नव्हती.

एवढे सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, विहाराच्या दारातले मोहोळ जाळायला आज निघालेला भिक्षू, तोच तेव्हाचा दंतिल. त्याच्या वाटेत उभी राहिलेली उपासिका ही पुण्णिका. आणि तो माळी मी होतो." ही मैत्री पारमिता, म्हणजे सर्व जीवांविषयीच्या प्रेमभावाची पूर्णता.