निशाणावरचा चेहरा

फार मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की ज्या राज्यात ती घडली त्याचं नाव सांगणारं आज कुणी उरलेलं नाही. एवढंच ठाऊक आहे, की त्या राज्याच्या टोकाला एक डोंगर होता, डोंगरात एक खिंड होती आणि खिंडीच्या अलीकडे एक लहानसं गाव होतं.

त्या गावात गिरजा नावाची बाई कागद करायची. चिंध्या, तागाच्या दोऱ्या, जुनी पोती ती भिजत घालायची, कुटून त्यांचा लगदा करायची आणि चाळणीवर पसरलेले ओले ताव भिंतीला लावून वाळवायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा मानाजी हाताशी आला होता आणि नुकताच खिंडीवरच्या तिरंदाजांत भरती झाला होता.

खिंडीवर तिरंदाज बसवण्याचं कारण डोंगरमाथ्यावरचं कुरण. तिथं गुरं अलीकडच्यांनी चारायची की पलीकडच्यांनी, एवढाच वाद. पण त्या वादात दोन्हीकडची डोकी फुटली होती, आणि राजानं पहारा बसवला होता.

मानाजीचा नेम काही केल्या बसत नव्हता. सरावाला होती एक मातीची भिंत. तिच्यावर आपटून बाणांची पाती बोथट व्हायची, काड्या मोडायच्या. राजधानीहून नेम धरायची कातड्याची निशाणं मागवावीत, तर तेवढा पैसा खिंडीपर्यंत पोचत नव्हता. म्हणून तिरंदाजांचा नाईक बाण जपून वापरायला द्यायचा, आणि तेही ज्यांचा हात आधीच बसलेला होता त्यांना. मानाजी बाजूला उभा राहून बघायचा.

एकदा जेवता जेवता तो म्हणाला, "आई, नाईक मला पहाऱ्यावरून काढणार आहेत. लाकडं फोडायला ठेवणार म्हणाले."

गिरजानं भाकरी थापता थापता विचारलं, "नेम धरायला तुला हवंय तरी काय?"

"बाण रुतेल आणि मोडणार नाही, असं काहीतरी."

दुसऱ्या दिवशी तिनं डागाळलेले, कडा फाटलेले, कुणी विकत घेणार नाही असे ताव बाहेर काढले. चिंचोक्याची खळ शिजवली. तावावर ताव चिकटवून जाड पुठ्ठा केला, तो कामट्यांच्या चौकटीवर ताणला आणि मागे गवताच्या पेंढ्या आवळून बांधल्या. खिळ्याला दोरी बांधून काजळीनं वर्तुळं काढली. मधला ठिपका गेरूनं भरला. सगळं घरातलंच होतं, वर काही लागलं नाही.

परसात मानाजीचा सराव सुरू झाला. बाण कागदातून जाऊन पेंढीत अलगद रुतायचा. दिवस कलला की गिरजा भोकांवर कागदाचे तुकडे डकवायची आणि निशाण पुन्हा कोरं व्हायचं. हळूहळू भोकं कडेकडून आत सरकू लागली. मग बहुतेक सगळी गेरूच्या ठिपक्यातच पडू लागली.

नाईकानं पोराचा बदललेला हात पाहिला आणि तो गिरजाच्या दारात आला. नाईक वाईट माणूस नव्हता. आपली माणसं खिंडीत मरू नयेत, एवढीच त्याची काळजी होती. त्यानं निशाणाला हात लावून पाहिला आणि म्हणाला, "गिरजाबाई, असली निशाणं सगळ्यांना करून द्याल?"

"द्यायला काय झालं? चिंध्या तेवढ्या पुरवा."

गावानं चिंध्या पुरवल्या. खिंडीखालच्या मैदानात कागदाची निशाणं उभी राहिली. गिरजाला बरं वाटलं. मुलगा पहाऱ्यावर टिकला होता, आणि गाव तिला मानानं हाक मारत होतं.

मग कुरणात पुन्हा एकदा चकमक झाली. पलीकडचा एकजण गोफण फिरवत पुढं आला. अलीकडच्या तिरंदाजानं त्याच्यावर नेम धरला, पण समोर माणूस पाहून तो बाण सोडता सोडता थांबला. तेवढ्यात गोफणीचा दगड सुटला आणि शेजारच्या जवानाचा डोळा गेला.

नाईक गिरजाकडे आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. "वर्तुळावर मारणारा हात माणसासमोर थांबतो," तो म्हणाला. "वर्तुळाच्या जागी माणूस काढा."

"माणूस काढायचा आणि त्याला बाण मारायचे?"

"कागदच आहे तो, बाई."

"आई, कागदच तर आहे," मानाजीही म्हणाला.

गिरजानं माणूस काढला. दोन हात, दोन पाय, वर गोल डोकं. नाईकानं तो पाहून मान हलवली. "याला तोंड नाही. हा पोरांना बुजगावण्यासारखा वाटतो. पलीकडच्या माणसाचं तोंड काढा."

गिरजा खिंडीपलीकडे कधी गेली नव्हती. तिकडचा एकच माणूस तिनं जवळून पाहिला होता, तो म्हणजे मिठवाला लखबा. पावसाळा सरून वाट कोरडी झाली, की तो बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोणी घालून खिंड ओलांडायचा. तिच्या ओसरीवर टेकायचा, पाणी प्यायचा, मीठ मापून झालं की वर एक मूठ टाकायचा. मानाजी लहान असताना तो त्याला बैलावर बसवून गावभर फिरवून आणायचा.

तिनं ठरवून काही केलं नाही. पण हात फिरत गेला तसं लखबाचं रुंद कपाळ आलं, खाली उतरलेल्या मिशा आल्या, तांबडा पटका आला. पुरं झाल्यावर ती त्या चेहऱ्याकडे बघत राहिली. पुसावा असं तिच्या मनात आलं. मग वाटलं, दुसरं तोंड आणायचं तरी कुठून? शेवटी कागदच आहे.

तेच तोंड नाईकाला पसंत पडलं. पुन्हा पुन्हा काढत बसायला नको म्हणून तिनं जाड पुठ्ठा कापून त्याचा साचा केला. साच्यावरून काजळीचा बोळा फिरवला, पटक्यावर गेरू लावला, की चेहरा तयार. सगळ्या निशाणांवर एकच चेहरा उभा राहिला.

पहिल्या दिवशी मानाजी घरी येऊन म्हणाला, "आई, तो लखबाकाकांसारखा दिसतो गं."

"दिसतो खरा," ती म्हणाली, आणि लगदा कुटत राहिली.

त्या दिवशी मानाजीनं बाण निशाणाच्या खांद्याला मारला होता. नाईक रागावला. दुसऱ्या दिवशी त्यानं छातीवर मारला. पुढं छातीचंही काही वाटेना. तांबडा पटका दिसला की दोरी ताणली जायची, आणि कपाळ दिसलं की सुटायची. तो चेहरा कुणासारखा दिसतो हे तो घरी पुन्हा कधी बोलला नाही. गिरजानंही विचारलं नाही.

पाऊस सरला. वाट कोरडी झाली.

त्या सकाळी ऊन स्वच्छ होतं. पहाऱ्यावर मानाजी होता. खिंडीच्या तोंडाशी बैलांच्या घंटा वाजल्या, आणि वळणावरून तांबडा पटका वर आला. त्या माणसानं कपाळावर हात धरून वर पाहिलं. पहाऱ्यावरच्या पोराला त्यानं ओळखलं असावं, कारण तो हसला आणि हात उंच करून त्यानं हाक मारली, "मानू."

बाण तेव्हा सुटलेला होता.

मानाजी धावत खाली पोचला तोवर लखबा दगडाला टेकून बसला होता. बैल तसेच ओझ्यासकट उभे होते. त्याचं बोलणं तुटत होतं. "गोणी उतरव रे त्यांच्या," तो म्हणाला. "चढून आलेत. दमलेत." मग त्यानं प्राण सोडला.

त्याच्या मागून पलीकडच्या गावचा एक म्हातारा येत होता. तो वळणावरच थांबला. "आम्ही बोलायला आलो होतो," तो ओरडून म्हणाला. "कुरण वाटून घेऊ, असं सांगायला आलो होतो. लखबाला तुम्ही ओळखता, म्हणून त्याला पुढं घातला होता." एवढं बोलून तो आल्या वाटेनं माघारी फिरला.

मानाजी घरी आला आणि ओसरीवर बसला. गिरजाला बातमी आधीच कळली होती. ती त्याच्याजवळ जाऊन बसली. तिनं विचारलं, "लांबून ओळखू आला नाही का रे?"

"आला," मानाजी म्हणाला. "ओळखला म्हणूनच बाण सुटला, आई. दुसरा कुणी असता तर मी थांबलो असतो."

गिरजा उठली. घरात असलेली सगळी निशाणं तिनं पाण्याच्या हौदात टाकली आणि साचाही टाकला. कागद भिजला, काजळी सुटली, पाणी काळं झालं. चेहरे विरघळून लगदा होईपर्यंत ती तिथंच उभी होती.

पलीकडचे लोक लखबाचा सूड घ्यायला आले. मग अलीकडचे त्याची परतफेड करायला गेले. ज्या कुरणासाठी हे सुरू झालं, तिथं चरायला जाणारी गुरंही उरली नाहीत. गवत उभ्या उभ्या वाळून गेलं. मानाजीनं धनुष्य नाईकाच्या पायाशी ठेवलं आणि पहारा सोडला. तो आईबरोबर चिंध्या कुटायला बसायचा, पण बोलायचा नाही, आणि दारात कुणी आलं तर मान वर करून त्याच्या तोंडाकडे बघायचा नाही.

एकदा नाईक गिरजाच्या दारावरून चालला होता. तिनं त्याला हाक मारून थांबवलं. "नाईक, पुन्हा मागायला येऊ नका," ती म्हणाली. "यापुढं मी कागदावर माणसाचं तोंड काढणार नाही. काय शिक्षा द्यायची ती द्या."

नाईक थकलेला दिसत होता.

"शिक्षा कसली द्यायची, बाई," तो म्हणाला. "मी मागायला येणारच नव्हतो. निशाणांची गरज संपली. पलीकडून कुणीही येऊ दे, लेकुरवाळी बाई असो की म्हातारा, माझ्या पोरांना आता सगळ्यांचं तोंड तेच दिसतं."

तो निघून गेला. त्या वर्षी गावात मीठ आलं नाही, पुढच्या वर्षीही नाही. कालांतरानं खिंडीतल्या वाटेवर झुडपं वाढली, आणि पलीकडे माणसं राहतात हे गावातल्या नव्या पोरांना फक्त ऐकून ठाऊक राहिलं.

लहानांनो आणि मोठ्यांनो, या गोष्टीतून घ्यायचं ते इतकंच: माणसाच्या चेहऱ्याचं निशाण करायची सवय लागली, की समोर खरा माणूस आला तरी निशाणच दिसतं.