न आटणारं तीर्थ

ओढ्याकाठच्या मठात शिदनाथ बुवा राहत होते, त्यांच्यापाशी रायाजी नावाचा चेला राहत होता, आणि चार कोसांवर उंबरणीला रायाजीची एकुलती एक बहीण गोदू नांदत होती. दिवस पटकीचे होते. ढाळ-उलट्या लागल्या की सकाळी धड असलेला माणूस दिवेलागणीला नसे.

"रोग कसा चालतो ते मी हुडकलंय, बुवा. मग उंबरणीला का जाऊ देत नाही?"

रायाजी दारातच उभा होता. खांद्याला झोळी, हातात तीर्थाचा कमंडलू.

"टेक तरी. कसा चालतो, सांग."

रायाजीनं कमरेची दोरी सोडली. गावागणिक एक गाठ. असं काम पंचक्रोशीत कुणी केलं नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

"पहिली कासारी. मग मोरवड, मग तांबुळणी, मग हिवरे. वाऱ्यानं म्हणावं तर वारं उलटं. ओढ्यानं म्हणावं तर हिवरे वरच्या अंगाला. अन् कासारीला खेटून असलेलं नांदूर धडधाकट. मधलं गाव सोडून उडी मारतो, लबाड. आता पाळी उंबरणीची. गोदूचे दिवस भरलेत, बुवा. त्याच्या आधी तिथल्या आडात ओंजळभर तीर्थ पडायला हवं."

"नांदूरला गेला नाहीस?"

"तिथला पाटील मागं मला हसला होता. म्हटलं, भोगा."

"मोरवडला कधी पोचलास?"

"मंगळवारी."

"पहिला माणूस कधी पडला?"

"गुरुवारी."

"तांबुळणीला?"

"शुक्रवारी पोचलो. रविवारी..."

दोरी बोटांत तशीच राहिली.

"तीर्थ बरं पुरलं एवढ्या गावांना," बुवा म्हणाले.

"मठाचा रिवाजच आहे. संपू द्यायचं नाही. अर्ध्यावर आलं की त्या गावच्या आडातून भरून घ्यायचं. तीर्थात मिळालं की सगळंच तीर्थ."

"कासारीलाही भरलंस?"

"भरलं."

"आणि तू काय पितोस?"

"वाटेवर माझा नेम असतो. गरम पेजेशिवाय काही नाही."

बुवा उठले. कमंडलूतलं पाणी त्यांनी वाटीत ओतलं आणि रायाजीपुढं धरलं.

"पी."

रायाजीनं वाटी ओठांपर्यंत नेली...

पाणी नितळ होतं. त्यात तुळशीचं पान होतं. हिवऱ्याला एका म्हातारीनं हेच पाणी आधी डोळ्यांना लावलं होतं, मग दोन्ही नातवंडांना पाजलं होतं. चौथ्या दिवशी ती एकटीच ओसरीवर बसलेली त्यानं पाहिली होती. गाठ मारून तो पुढं निघाला होता.

वाटी त्यानं खाली ठेवली.

"बुवा... मी किती माणसं मारली?"

"पहिल्यांदा कमंडलू भरून मीच दिला होता," बुवा म्हणाले, आणि कुदळ आणायला गेले.

कमंडलू त्यांनी खोल पुरला. रायाजी आल्या वाटेनं उलटा फिरला. आड झाका, पाणी खळखळ उकळून प्या, आजाऱ्याच्या चिंध्या जाळा, असं दारोदार सांगत गेला. मोरवडला एकानं विचारलं, "तुला कसं ठाऊक?" त्यानं खरं ते सांगितलं. कपाळाला धोंडा लागला तरी जागचा हलला नाही. दुसरा आला नाही, तसं पुढचं घर घेतलं.

उंबरणीला तो गेलाच नाही. नांदूरच्या वेशीबाहेर उभं राहून त्यानं पाटलाला हाक घातली. "उंबरणीला निरोप धाडा. वेस बंद ठेवा म्हणावं, पाणी उकळून प्या. आणि मी आलो तर मला आत घेऊ नका." पाटील या खेपेला हसला नाही. त्यानं घोडं धाडलं.

साथ सरली तेव्हा हिवऱ्यात निम्म्या चुली थंड होत्या. उंबरणीत मात्र एकही माणूस गेला नाही. गोदूला मुलगी झाली होती, बाळ-बाळंतीण सुखरूप होती. साथ संपेस्तोवर थांबवलेल्या बारशाचं बोलावणं घेऊन तिचा नवरा स्वतः मठात आला. "मामाशिवाय पाळणा हलवायचा नाही म्हणून बसलीय तुमची बहीण."

रायाजी बुवांसमोर येऊन उभा राहिला. कपाळावरची धोंड्याची खूण अजून गेली नव्हती.

"बुवा, पहिलं भाचरू. बहिणीच्या दारात जातोय... काय घेऊन जाऊ?"

बुवांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले, उलटे केले, तळवे पाहिले.

"रिकाम्या हातांनी जा."