विंचूमाळाचा बांध

"अख्खा माळ घेऊन ठेवला आणि त्यातला वीतभर तुकडाही विकला जात नाही म्हणजे काय!" राजा शूरपाल सिंहासनावरून ओरडला.

शेजारच्या जहागीरदाराकडून त्याने सगळा विंचूमाळ घाऊक भावात उचलला होता. आज घ्यायचा, उद्या तुकडे पाडून दुप्पट भावाने विकायचा, परवा नवा हत्ती आणायचा, असा साधा बेत! पण माळावर दगड, विंचू आणि वारा यांखेरीज काहीच नव्हतं. दवंडी पिटून दवंडीवाल्याचा घसा बसला, तरी गिऱ्हाईक फिरकलं नाही.

"महाराज, माळ फार रिकामा आहे म्हणून रिकामा राहिलाय," प्रधानजी म्हणाले. त्यांना अशा वेळी काहीतरी बोलावंच लागे.

दरबार झाडणारी हौसा फिसकन हसली.

"कोण हसलं?"

"मी, महाराज. खराटा थोडाच हसणार!"

राजा लालबुंद झाला. "एवढी शहाणी आहेस? मग तूच वीक! पुढच्या बाजाराच्या दिवशी माळाचा शेवटचा तुकडासुद्धा गेला पाहिजे. भाव दुप्पटच! आणि माळाबद्दल एक शब्द खोटा बोलायचा नाही. जमलं नाही, तर जन्मभर तिथंच बसून दगडांची राखण कर!"

हौसाने खराटा खाली ठेवला. तिचं लग्न तोंडावर आलं होतं. नवरा मुलगा चांगला होता, पण विंचवांत संसार थाटण्याइतका चांगला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती फावडं घेऊन माळावर गेली आणि बांध घालू लागली. माती ओढायची, दगड रचायचे, पट्ट्या पाडायच्या. पहिलाच बांध तिने मुद्दाम वाकडा घातला.

वाटेने केरबा आणि सुभाना हे सख्खे भाऊ आपापल्या गाड्या हाकत चालले होते. दोघेही थांबले.

"पोरी, बांध वाकडा झालाय!" केरबा म्हणाला. "अलीकडच्या पट्टीची हातभर जमीन गेली की!"

"अलीकडची कसली? पलीकडची गेली!" सुभाना म्हणाला.

"तू बांधाचं बोलूच नकोस! आपल्या मळ्यातला बांध कोरून कोरून पात्यासारखा केलास!"

"मी कोरला? मी?"

"काका," हौसाने विचारलं, "ही जमीन तुमची आहे का?"

"नाही."

"मग भांडता कशाला? ज्यांच्या पट्ट्या असतील ते भांडतील."

 असलं भांडण दुसऱ्याला सोडून द्यायचं, हे दोघा भावांच्या जिवावर आलं.

"जमीन कशी आहे गं?" केरबाने हळूच विचारलं.

"वाईट. काही पिकत नाही. भावही दुप्पट आहे."

केरबाने भावाकडे पाहिलं. "अलीकडची मला दे!"

"मग पलीकडची मला!" सुभाना किंचाळला.

बातमी पंचक्रोशीत पोचली. चुलत्याने पट्टी घेतली म्हणून पुतण्याने शेजारची घेतली, पुतण्याला लागून साडूने घेतली. ज्यांची कुणाशीच भांडणं नव्हती, ते बिचारे ओळख काढून भांडायला आले.

बाजाराच्या दिवशी राजा माळावर आला. एकच पट्टी उरली होती, त्याच्या आमराईला लागून.

"राहिली! एक राहिली!" राजाने टाळ्या पिटल्या. "बस आता दगडांवर!"

"बाजार अजून उठला नाही, महाराज. केरबाकाका, ही पट्टी घेता का? शेजार आमराईचा आहे."

"घेतो की!" केरबा म्हणाला आणि आमराईच्या बांधाकडे मायेने पाहू लागला. फावडं त्याच्या खांद्यावरच होतं.

राजाचं हसू मावळलं. "हा माझ्या बांधाला येणार? आज हातभर सरकेल, उद्या माझे आंबे पाडेल! याला नाही द्यायची!"

"मग कुणाला देऊ?"

"मला! मीच घेतो!"

"मी तिप्पट देतो!" केरबा म्हणाला.

"चौपट!" राजा गरजला.

"दिली!" हौसाने फावडं आपटलं. "माळ संपला!"

राजाने मिशीला पीळ भरला. हात अर्ध्यावरच थांबला. "अगं... पण जमीन माझीच होती!"

"होय, महाराज. इथं जमीन कुणी घेतलीच नाही. प्रत्येकानं शेजाऱ्याशी भांडायला बांध घेतला. जमीन मी वर फुकट दिली!"

राजा असा हसला की त्याला केरबाचाच खांदा धरावा लागला.

"पण महाराज," प्रधानजी म्हणाले, "चौपट रक्कम तुम्ही तुम्हालाच कशी देणार?"

"मला कशाला? हौसाला द्या, लग्नाचा आहेर म्हणून!" राजाने डोळे पुसले. "आणि त्या फावडेवाल्याला आधी माझ्या बांधावरून उतरवा!"