साच्यातून निघालेल्या मिशा

कोल्हापूरजवळच्या एका लोखंड ओतणाऱ्या फाउंड्रीत घुगरेसाहेबांनी पत्रं तयार करणारं नवं सॉफ्टवेअर आणलं आणि फर्मान काढलं, "ग्राहकाला पत्र त्यातल्या साच्यातून निघेल तसंच जाईल. एक अक्षर बदलायचं नाही. साचा म्हणजे साचा!"

साच्यात 'श्री.' कायमचं बसवलेलं. पहिलंच पत्र गेलं 'श्री. मंदाताई टारे' यांना, म्हणजे वीस वर्षांपासूनच्या ग्राहकाला. पत्रं पाठवणाऱ्या वैजयंतीला बाईंचा तडक फोन आला, "मला मिशा कधी फुटल्या गं? पुढची ऑर्डर दुसरीकडे देते!"

वैजयंतीनं हे साहेबांच्या कानावर घातलं आणि दुरुस्तीची परवानगी मागितली.

"साच्याला शहाणपण शिकवू नका," साहेब गुरकावले.

वैजयंती कारखान्यात गेली. साच्यातून काढलेला, वाळूनं माखलेला, वेड्यावाकड्या कडांचा पंपाचा भाग तिनं आणून साहेबांच्या टेबलावर ठेवला. वर चिठ्ठी होती: मंदाताईंकडे रवाना.

"डोकं फिरलंय का?" साहेब कडाडले. "घासल्याशिवाय माल कधी गिऱ्हाइकाकडे जातो?"

"नाही ना, साहेब? मग पत्रालाही जरा कानस लावू द्या की."

साहेबांनी बाहीवरची वाळू झटकली. "बघत काय बसलात? आधी त्या मंदाताईंच्या मिशा उतरवा!"