गवताची शिंगरे

पूर्वी उत्तरेच्या गवताळ मुलखात थरुक नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका घोडीच्या पोटी शिंगराचा जन्म घेतला होता. थरुकाला नगर नव्हते. त्याचे राज्य तंबूंचे. चारा संपला की राज्यच उठून पुढे जाई.

त्या लोकांचे पेय म्हणजे कुमिस, घोडीचे आंबवलेले दूध. प्रत्येक तंबूच्या दाराशी ते कातडी पखालीत टांगलेले असे आणि येणाऱ्याजाणाऱ्याने ते रवीने घुसळून पुढे जायचे, अशी रीत होती. राणी बाळंतपणात गेली होती, त्यामुळे राजाचे तान्हे बाळही घोडीच्या ताज्या दुधावरच वाढत होते. घोडी मात्र मोठी मानी. शिंगरू अंगाशी असल्याशिवाय ती पान्हा सोडत नाही.

त्या वर्षी थरुकाकडे सगळी कुळे जमणार होती. पाहुण्यांपुढे पखाली ओसंडून वाहाव्यात, या हौसेने तो पछाडला. "निम्मं दूध ही शिंगरंच पिऊन टाकतात," तो म्हणाला. त्याने शिंगरे मारवली, त्यांच्या कातड्यांत गवत भरवले आणि ती घोड्यांशेजारी उभी करवली. बिचाऱ्या घोड्यांनी त्यांना चाटून पान्हा सोडला. पाहणाऱ्यांना लाज वाटली; थरुक खूश होता.

एक शिंगरू तेवढे वाचले. ते उशिरा, तळ्याकाठच्या लव्हाळ्यात जन्मले होते आणि आईने त्याला तिथेच लपवले होते. तोच बोधिसत्त्व.

एका संध्याकाळी दूध काढणारी झरिना धावत आली. "महाराज, पखालीत कुणीतरी चोखतंय."

थरुक हसला. कुमिस आंबताना बुडबुडते, हे कुणालाही ठाऊक होते. त्याने पखालीला कान लावला. बुडबुड नव्हती. आत कुणीतरी घाईघाईने, भुकेने चोखत होते.

सकाळी पखाल रिकामी निघाली. ती कुठेही गळत नव्हती. बाहेर गवताच्या शिंगरांच्या ओठांवर फेस होता, आणि ती वाढलीही होती. पाठीवरची शिवण ताणून उसवली होती. घोड्यांनी त्यांना हुंगले, तोंडे फिरवली आणि त्यांचे दूध आटले.

आता थरुकाची गाळण उडाली. बाळ रडून रडून थकले, त्याचा आवाज बसत चालला. तो आवाज लव्हाळ्यापर्यंत गेला.

"जाऊ नकोस रे," आई म्हणाली. "त्यांच्या हातांना तुझ्या भावांचा वास आहे."

"आई, हे रडणं शिंगरासारखंच आहे गं," बोधिसत्त्व म्हणाला आणि निघाला. आई मागोमाग आली.

भर दुपार होती, वारा नव्हता. गवताची शिंगरे राजाच्या तंबूभोवती गोळा झाली होती. त्यांना चालताना कुणी पाहिले नव्हते. बाळाला छातीशी धरून थरुक दारात गोठून उभा होता. त्यांच्यातूनच आणखी एक शिंगरू पुढे आले. हेही गवताचेच, असे समजून त्याने ते ढकलायला हात टाकला. त्याचे अंग ऊन होते.

बोधिसत्त्वाने आईच्या कासेला तोंड लावले. पान्हा उतरला. मग तो जरा सरकला.

"राजा, सड दोन आहेत. एक माझा. दुसऱ्यावर बाळाला लाव."

"मी तुझे भाऊ मारले," थरुक कसाबसा म्हणाला.

"ठाऊक आहे मला. आधी त्याला पाज."

बाळ पिऊ लागले. बाळ आणि शिंगरू शेजारी शेजारी पीत राहिले, तसे पखालींतले चोखणे थांबले. गवताची शिंगरे एकेक करून कोसळली. उरले ते नुसते कातडे आणि गवत. थरुक त्यांच्यात बसून ओक्साबोक्शी रडला. त्याने उरलेले सारे कुमिस त्यांच्यावर ओतले आणि त्यांना मातीआड केले. त्यानंतर त्या कुळातले लोक रवी धरण्याआधी पखालीला कान लावू लागले.

कथा संपवून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, ती घोडी म्हणजे मला अंगावर पाजणारी माझी मावशी गौतमी, ते बाळ तिचा मुलगा नंद, आणि ते शिंगरू मी. थरुकाचे नाव मी घेत नाही. तो तुमच्यातच बसला आहे. भिक्षेत दूध आले की तो पात्र आधी शेजाऱ्याकडे सरकवतो. का, ते त्यालाही आठवत नाही. भाऊ मारणाऱ्याच्या लेकराला आपल्या वाट्यातले देणे, याला मैत्री म्हणतात."