मेणाने बुजवलेले भोक

पूर्वी समुद्रकाठच्या रत्नवेला नगरीवर अरिंजय राजाची सत्ता होती. त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या गलबते बांधणाऱ्या सुतारांच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव नंदिल. बंदरातून निघणारे प्रत्येक गलबत तो आधी तळापासून तपासत असे आणि ते धड असेल तरच त्याच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, गेरूने आपल्या तळहाताचा ठसा उमटवत असे. तो ठसा पाहून लोक पोराबाळांसह निर्धास्त चढत.

एका वर्षी गंधवर नावाच्या श्रेष्ठीचे गलबत उतारू घेऊन दूरदेशी निघायचे होते. तळ तपासताना नंदिलने एका फळीवर अंगठा दाबला, आणि अंगठा आत गेला. किडीने लाकूड चाळणीसारखे पोखरले होते. वरून मेण थापून रंग दिला होता. शेजारी त्याचा सोबती उदुंबर उभा होता. त्यानेही ते पाहिले.

नंदिल गंधवराकडे गेला. "श्रेष्ठी, तळाच्या सात फळ्या बदलायला हव्यात. वीस दिवस लागतील."

"वीस दिवसांत वारा फिरेल," गंधवर म्हणाला. "ठसा उमटव आणि घरी जा."

"हे गलबत खोल पाण्यात टिकणार नाही."

"ते तू मला शिकवणार? माझ्या अन्नावर जगतोस आणि माझ्याच गलबताला नावे ठेवतोस?"

नंदिल बंदराच्या अधिकाऱ्याकडे गेला. अधिकाऱ्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले, आणि नंदिलची पाठ वळताच गंधवराला निरोप धाडला.

दुसऱ्या सकाळी नंदिलचा लाकूड तासायचा वाकस आणि बाकीची हत्यारे काढून घेण्यात आली. त्याला जुन्या होड्यांना चिकटलेली कालवे खरवडायला बसवले. नंदिल दारू पिऊन कामावर येतो, त्याला भ्रम झाला आहे, अशी कुजबुज बंदरभर पेरली गेली. ज्यांना त्याने लाकूड ओळखायला शिकवले होते, ते सुतार त्याला पाहून मान फिरवू लागले. घरी त्याची बायको सुमेधा एवढेच म्हणाली, "अहो, तुम्ही पाहिलंत ते खरं ना? मग आपण कशाला तोंड लपवायचं?"

तरीही गलबताच्या नाळेवर ठसा उमटला. तो उदुंबरचा होता.

हे कळताच नंदिलला राग आला. बोधिसत्त्वाला राग कसा येईल, असे कुणी विचारू नये. हत्यारे गेली म्हणून तो चिडला नव्हता. भोकाला मेण फासायचे आणि भोक दाखवणाऱ्याला वेडा ठरवायचे, या नीचपणाने त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्या रागात त्याने कुणावर हात उगारला नाही. गलबत निघण्याच्या दिवशी तो शिडीपाशी जाऊन उभा राहिला.

"चढू नका!" तो प्रत्येकाला सांगत होता. "या अंगठ्याने मी तळाची फळी फोडली आहे. मेणावर समुद्र ओलांडता येत नाही. चढू नका!"

गंधवराच्या पहारेकऱ्यांनी त्याला लाठ्यांनी झोडपले. तो पडला, उठला, पुन्हा तेच ओरडला. तिसऱ्यांदा उठला तेव्हा त्याचा उजवा हात लोंबत होता. एक कुंभारीण आपल्या दोन मुलींना घेऊन खाली उतरली. तिच्या मागोमाग आणखी काही उतरले. चाळीस माणसे किनाऱ्यावर राहिली. उरलेल्या एकशे तीस जणांनी नाळेवरचा ताजा ठसा पाहिला, गंधवराचे हसू पाहिले, आणि ते वरच थांबले.

तिसऱ्या दिवशी कोळ्यांना फळ्या सापडल्या. मग माणसे.

गंधवर छाती बडवीत राजसभेत गेला. "महाराज, या सुताराने माझ्या गलबताला शाप दिला! त्याच्या अभद्र वाणीनेच ते बुडाले!" अधिकाऱ्याने मान डोलावली. नंदिलला दोरखंडाने बांधून आणले गेले.

तेव्हा उदुंबर पुढे झाला.

"महाराज, शाप नव्हे, भोक होते. मी ते डोळ्यांनी पाहिले. याच्यासारखी माझीही हत्यारे जातील, या भीतीने मी ठसा दिला. एकशे तीस माणसे माझ्या हाताने बुडाली."

मग एकेक सुतार पुढे आला. कुणी गेल्या वर्षी तडा दाखवला म्हणून हाकलला गेला होता, कुणाचे झोपडे जळाले होते. बाहेरचा जमाव खवळला. "गंधवराला दगड बांधून समुद्रात टाका!"

"नको," नंदिल म्हणाला. त्याचा आवाज रागाने कापत होता. "समुद्राने पुष्कळ गिळले. याला जिवंत ठेवा. आपण काय केले, ते मेलेल्यांच्या दारोदारी जाऊन याने स्वतःच्या तोंडाने सांगावे."

राजाने तसेच केले. अधिकाऱ्याला पदावरून काढले, आणि गंधवराची सारी कोठारे नंदिलला देऊ केली.

"ती बुडालेल्यांच्या लेकरांची आहेत," नंदिल म्हणाला. "मला माझा वाकस द्या, आणि दवंडी पिटवा. दोष सांगणाऱ्याच्या हत्याराला कुणी हात लावू नये. जो त्याचे तोंड दाबेल, त्याने ते गलबत आधी स्वतः खोल पाण्यात न्यावे."

दवंडी पिटली गेली. नंदिलचा उजवा हात मात्र पुन्हा धड झाला नाही. पुढे जन्मभर त्याने डाव्या हाताने काम केले.

आपल्या पूर्वजन्माची ही कथा शास्त्यांनी आपल्या शिष्य भिक्षूंना सांगितली. मग ते म्हणाले, "तेव्हाचा गंधवर म्हणजे आजचा देवदत्त. आधी भ्यालेला आणि मग सभेत उभा राहिलेला उदुंबर म्हणजे आपला आनंद. सुमेधा ही यशोधरा होती, आणि नंदिल मीच होतो. चाळीस वाचले, पण त्या एकशे तिसांचा मला अजून विसर पडलेला नाही. माणसे वाचावीत म्हणून, ऐकणारे कान नसतानाही खरे बोलत राहणे, याला सत्यपारमिता म्हणतात."