मुळीच आवाज न करणारी जीप

बालमित्रांनो, डोंगरउतारावरच्या एका जंगलात एक कोल्हा राहत असे आणि जुन्या गाड्या विकत असे. जंगलात गाड्या कुठून आल्या, हे मला विचारू नका. मी कोल्ह्याला विचारले, तर तो माझ्याच गळ्यात एक मारायला निघाला!

एकदा एक अस्वल त्याच्याकडे आले. मधाची मडकी पाठीवरून बाजारात नेऊन नेऊन बिचाऱ्याची कंबर धरली होती. कोल्ह्याने त्याला एक लाल चकचकीत जीप दाखवली. "बसा अस्वलराव, एक चक्कर मारू." ब्रेक सोडताच जीप उतारावरून अलगद निघाली आणि खाली अस्वलाच्या गुहेसमोर थांबली. "आला का काही आवाज?" कोल्ह्याने विचारले. "छे, पान पडल्याइतकाही नाही!" अस्वल हरखून गेले. त्याने रंग पाहिला, गादी दाबली, भोंगा मनसोक्त वाजवला आणि वर्षभर साठवलेला सगळा मध जीपच्या बदल्यात कबूल केला. बॉनेट तेवढे उघडले नाही.

"अहो, थांबा!" अस्वलीण पूजेचे ताट घेऊन बाहेर आली. "आधी पूजा, मग मध. आणि गाडीचं तोंड पूर्वेला हवं." पूर्वेला चढ होता. कोल्ह्याचा चेहरा पडला. "वहिनी, पश्चिमही काही वाईट नाही हो. मावळता सूर्य किती छान दिसतो!" "सूर्याला कुठं गाडी घ्यायचीय?" असे म्हणून तिने नवऱ्याच्या मदतीने जीप फिरवली, हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला आणि पुढच्या चाकापुढे लिंबू ठेवले. "चला भावोजी, लिंबू चिरडायचा मान तुमचा."

कोल्हा नाइलाजाने आत बसला. त्याने ब्रेक सोडला मात्र, जीप जी मागे सुटली ती थेट खालच्या डबक्यात, लोळणाऱ्या रानडुकरांच्या मधोमध! लिंबू होते तिथेच राहिले. अस्वलाने धावत जाऊन बॉनेट उघडले. आत इंजिन नव्हतेच. एक उंदरीण पिल्लांना थोपटत होती. "जरा हळू बोला," ती म्हणाली. "आवाज नाही म्हणून तर आम्ही इथं राहायला आलो."

अस्वल भलतेच खजील झाले. पण मध वाचला होता. अस्वलिणीने ते लिंबू धुऊन, मध घालून सरबत केले आणि कंबर शेकता शेकता नवऱ्याला पाजले. चिखलाने माखलेल्या कोल्ह्यानेही पेला पुढे केला, पण त्याला कोणी विचारले नाही.

तात्पर्य : विकणारा ज्या गुणाचे फार कौतुक करतो, तो आधी तपासावा, आणि जुनी गाडी उतारावर नव्हे, चढावर पारखावी.